गुडघ्यांसाठी खालची केबिन

आता तुम्हीच सांगा, संताप येईल की नाही? युरोपातल्या नदीवरच्या बोटीचं बुकिंग करायला लेक, सून आणि मी इथे कुवेतमध्येच, फरवानियातल्या एजंटाकडे गेलो. माझ्यादेखत लेक म्हणतो, "आम्हाला वरची, बाल्कनीची केबिन. आईला सगळ्यात खालची, तिचे गुडघे दुखतात."

एजंट म्हणाला, "माताजी तो वैसे भी सोएंगी."

मी चष्मा लावला आणि बोटीचा नकाशाच ओढून घेतला. "लिफ्ट खालच्या मजल्यापर्यंत जात नाही, असं छापलंय इथे."

"आई, एवढं बारीक इंग्रजी तू वाचलंस?"

"इंग्रजी शाळेत गेले नाही, पण डोळे मिटूनही बसले नव्हते. केबिनी बदला. जिने तुमच्या गुडघ्यांना झेपतील."

सून हळूच म्हणाली, "आई, बाल्कनीत चहाला आलो तर चालेल ना?"

म्हटलं, "दार वाजवून या."