उघाडीवरची हिरवी पेंढी

मी मूळचा माणदेशातला, चौथीत शाळा सुटली, आमच्याकडं पाणी आटलं की माणसं बाहेर पडतात तसा ठाण्याला आलो, आणि काय सांगू तुम्हाला, खाडीतल्या बेटावरच्या म्हाताऱ्या पाटलांनी ठेवून घेतलं म्हणून जगलो.

बेट एवढंसं, पण पावसात भात, उन्हाळ्यात मीठ. मधे बांध, बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी दार, उघडलं की भरतीचं खारं पाणी आत, शेतातून पुढं मिठागरात. ते दार माझ्याकडं, कारण मी कुणाच्या भावकीतला नव्हतो. रीत अशी की भात कापून झालं की शेवटची पेंढी दाराला बांधायची, मग मी उघडायचं.

पाटील गेले. मिठागर थोरल्या मुलाकडं, बाळारामकडं आलं, शेत धाकट्या हिराजीकडं. ठाण्याच्या ठेकेदारानं बाळारामला सांगितलं, मीठ लवकर काढ, भाव मिळेल. हिराजी म्हणाला, भात अजून दुधात आहे. मग बोलणं बंद, मग विहिरीवर बायकांच्या वेळा वेगळ्या, मग पोरांचं खेळणंही. लोक म्हणतात भांडण मिठाचं. असेल बाबा.

एका सकाळी उघाडीला पेंढी दिसली. हिरवी होती. मी ती बघितली, खोटं कशाला बोलू, पण बांधावर चढून शेत बघितलं नाही. बाळाराम आदल्या दिवशी बोलला होता, उशीर केलास तर गावची वाट धर. मी दाराची फळी वर घेतली. दुपारपर्यंत हिराजीचं उभं भात खाऱ्या पाण्यात.

दोन्हीकडची माणसं कोयते घेऊन बांधावर आली, एकाच आजाची नातवंडं. मधे जाऊन मी म्हणालो, दार मी उघडलं, पेंढी हिरवी दिसली तरी विचारलं नाही. हिराजी शांतपणे म्हणाला, तू परका, तुला मारून काय करू, पेंढी बांधणारा माझा भाऊच हाय. तिघांची डोकी फुटली. हिराजीच्या बायकोनं, मंजुळावहिनीनं, मला होडीत बसवलं, फडक्यात भाकरी दिली.

आता मोहने गावात कारखान्याच्या फाटकावर राखणीला असतो, कुणी आत सोडायची चिठ्ठी दाखवली तरी दोनदा विचारतो, पोरं हसतात. वहिनी दर वर्षी पायलीभर तांदूळ धाडते, बाळाराम मिठाची पिशवी धाडतो, दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. माझ्या एका हंडीत ते शिजतं. देव दोघा भावांना सुखी ठेवो, भाऊ म्हणून नाही जमलं तर शेजारी म्हणून तरी.