रंगाखालचा ठोकळा

सहादू : हलू नको. हललास तर हाच पाना डोक्यात घालीन.

दिनेश : घाला, सहादूभाऊ. दात तर पाडलाच हाय.

सहादू : दात? माझा भाऊ गेला आन तू दाताचं सांगतो? भर धरणात ह्या होडीचा तळ फुटला. जाळ्यात गुंतलेला मल्हारी ह्या हातांनी वर काढला मी. तळाला ठोकळा तूच बसवला ना?

दिनेश : मीच.

सहादू : बसवताना काय म्हणालास? मोठ्यानं सांग. ज्योत्स्ना, दारात नको, आत ये. नवरा कशानं गेला ते ऐक.

दिनेश : वहिनींना घरी पाठवा. मग काय करायचं ते करा.

सहादू : तू मला सांगणार? हे घे. आता बोल.

दिनेश : आई गं... हात सोडा. सांगतो. म्हणालो होतो, पाणी आधी ठोकळ्याला खाईल, होडीचा पत्रा वाचंल. झिजला की नवा लावू.

सहादू : मग बघ. पत्र्याची चाळण झाली आन ठोकळा जसाच्या तसा. समुद्राच्या होडीचा जस्ताचा लावलास तू. गोड्या पाण्यात तो कामाचा नाय, हे तूच सांगत फिरायचा.

दिनेश : गोड्या पाण्याचा, मॅग्नेशियमचाच हाय. खरवडून बघा.

सहादू : मग झिजला का नाय? बोल, नायतर दुसरा हातपण मोडतो.

दिनेश : त्याच्यावर रंग हाय. रंगानं तो झाकला की पाणी त्याला सोडतं आन पत्र्याला धरतं.

सहादू : रंग कुणी लावला?

दिनेश : कशाला विचारता आता?

सहादू : कुणी?

दिनेश : मी.

सहादू : तू? सगळं ठाऊक असून?

दिनेश : घाईत लागला. मारायचं तर मारा, पण वहिनींसमोर नको.

ज्योत्स्ना : दादा, पाना खाली ठेवा.

सहादू : तू मधी पडू नको.

ज्योत्स्ना : दिनेशभाऊ तवा सिन्नरला कामाला होते. मागल्या दसऱ्याला होडी मी रंगवली. आमचे हे म्हणाले होते, तेवढा ठोकळा सोड. मला वाटलं, पूजेला तेवढाच उघडा वाईट दिसंल. रंगवला, आन ह्यांना सांगितलंच नाय.

दिनेश : वहिनी, कशाला बोललात?

ज्योत्स्ना : मारा, दादा. ज्याला मारायचं त्याला मारा.

(पाना जमिनीवर पडतो.)

सहादू : दिनेश, हात बघू.

दिनेश : बोटं हलत नाय.

सहादू : चल, दवाखान्यात नेतो. माझ्या खांद्याला धर. ज्योत्स्ना, ऊठ तू.

ज्योत्स्ना : घरी आईंना काय सांगू मी?

सहादू : तू काय नाय सांगायचं. होडी मी रंगवली. आईला मी सांगतो.