सिटाकोसॉरस काय खायचा?

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. शेजारी एक आजोबा सुजलेल्या गालावर हात धरून नातीला डायनोसॉरचं पुस्तक दाखवत होते.

"हा सिटाकोसॉरस. म्हण बघू."

"सि-टा-को-सॉ-रस. एवढासा तर आहे! एवढं लांबलचक नाव कुणी ठेवलं? त्याच्या आईनं?"

"शास्त्रज्ञांनी. पोपटासारखी चोच आहे ना, म्हणून."

"आणि खायचा काय?"

"नुसता झाडपाला. बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"कशावरून? गुपचूप दुसरं काहीतरी खात असेल."

"छे गं!"

"तुम्ही बघायला गेला होतात?"

"अगं, तेव्हा माणूसच नव्हता. पण त्याचे दात सापडलेत. काय खाल्लं ते दातांवरून बरोब्बर कळतं. कोट्यवधी वर्षं गेली तरी लपत नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"आजोबा, माझी चॉकलेटं उंदरानं खाल्ली म्हणालात ना काल?"

"हो. फार माजलाय मेला."

"आ करा."

"आता डॉक्टर बघणारच आहेत की."

"आधी मी बघणार. आ करा."