चर्चच्या पायऱ्यांपर्यंत

…हात असा सैल नको धरूस गं वेनेरा — माझ्या कोपरात नीट अडकव, नाहीतर लोकांना वाटेल मी तुला ओढत नेतेय. आणि मान वर. आपल्या नोतो गावच्या या रस्त्यावर खाली बघत मोलकरणी चालतात. तुझी आजी चालायची, आमच्याच घरच्या चादरी डोक्यावर घेऊन — राग नको मानूस, खरं ते खरं. वर बघ, तो आमचा सज्जा. त्याखालचे दगडी घोडे दिसतात? आणि मधला तो जीभ काढलेला राक्षस — माझ्या कोर्रादोच्या खापरपणजोबांनी मुद्दाम बसवून घेतला, समोरच्या मुसोमार्रांच्या खिडकीकडे तोंड करून. का? त्यांच्या मुलीला सून होऊन आमच्या घरात यायचं होतं म्हणून. ती कधीच मेली, जीभ अजून बाहेरच आहे.

हळू चाल, घाई कसली — तुझ्या वडिलांनी नव्या वस्तीत सिमेंटचं घर बांधलंय म्हणे, बाल्कनीला अ‍ॅल्युमिनियम. छान. उन्हाळ्यात तापत असेल. परवा ते बदामाची मिठाई घेऊन आले, टोपी हातात, आणि विचारतात, बॅरोनेसबाई, माझ्या मुलीला रस्त्यावरून कधी नेणार? मी म्हटलं, रविवारी. केवढा खूश झाला बिचारा. आमच्या घराण्याची रीत तुला सांगितली ना त्यांनी? मुलाची आई मुलीला वेशीच्या कमानीपासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आणते, सगळं गाव बघतं. आई हात तसाच ठेवून माघारी वळली, तर ती मुलगी सून. पायऱ्यांपाशी हात सोडला — तर नाही. तोंडाने काही बोलावंच लागत नाही, बरं असतं ते. याआधी दोघींना आणलंय मी. पहिली शाळेत शिकवायची, हात सोडला तरी हसतच उभी, कळलंच नाही तिला. दुसरीला कळलं. ती कातानियाला मावशीकडे गेली ती गेलीच. — अगं, घाम येतोय तुझ्या हाताला, बाही रेशमी आहे माझी.

तू म्हणशील, कोर्रादोचं माझ्यावर प्रेम आहे. असेल की. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, प्रेम करेल नाहीतर काय करेल? तो बघ, क्लबाच्या दारात वर्तमानपत्र घेऊन बसलाय. रीतीत मेख एवढी एकच — मुलगा उठून मुलीच्या बाजूला येऊन उभा राहिला, तर आईला हात सोडता येत नाही. पहिल्या दोघींच्या वेळी नाही उठला. माझ्या वेळी त्याचा बाप उठला होता. सासू इथेच, या पायऱ्यांपाशी, पांढरीफटक पडली. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणाली मला. मग वर्षभर वरच्या खोलीत एकटीच जेवली, आणि मेली. मी तिला एकदाही खाली बोलावलं नाही — कशाला बोलावू? घर माझं झालं होतं. घर एकीचंच असतं, वेनेरा, पोकळ वाशांचं असलं तरी.

आल्या पायऱ्या. थांब. लगेच नाही सोडायची मी, लोकांना नीट बघू दे. — काय? कोण उठलं? पेपर खाली ठेवला? खुर्चीवर ठेवला की हातात आहे अजून? … येतोय. येतोय की गं. माझ्याकडे अशी बघू नकोस, मला काही झालेलं नाही, ऊन लागलंय जरा — वेनेरा, पोरी, घर आता तुझं, पण खालच्या मजल्यावर एखादी खोली देशील ना मला, खिडकी नसली तरी — मी फार जेवत नाही, रात्री तर नुसतं सूप — आणि एका टेबलावर बसवाल ना मला? —

ये, कोर्रादो. … इकडे? माझ्या बाजूला? हो रे राजा, धर, घट्ट धर. ‘आई, तुला ऊन लागेल,’ म्हणतो — ऐकलंस, वेनेरा?

सोड आता. हात सोड म्हणते ना मी. रडायचं तर घरी जाऊन रड, आणि हो, रस्त्यानेच परत जा, मागच्या बोळातून नको. तुझे वडील कोट घालून कमानीखाली उभे आहेत, त्यांना सगळं दिसलंच असेल. आणि खोलीबिलीचं मी काही बोलले नाही.

जा.