शंभर रात्री

सुवा शहरातल्या दवाखान्यात सालोते रक्तातली साखर तपासून घ्यायला बसली होती. पुढच्या बाकावर म्हातारा विलिकेसा, पायाला पट्टी. शेजारी त्याची लेक.

“बाबा, आज परत चहात चार चमचे साखर?”

“सुटत नाही गं. मनच खंबीर नाही माझं.”

“आई गेली तेव्हा शंभर रात्री कावा प्यायचा सोडलात. त्या गुंगीची एक करवंटीसुद्धा तोंडाला लावली नाहीत.”

“ते सुतक होतं. गेलेल्या माणसासाठी पाळावंच लागतं. स्वतःसाठी कोण पाळतं?”

“बरं. तुम्ही गेलात की मी साखर सोडेन. शंभर रात्री.”

सालोतेचा नंबर पुकारला. ती उठलीच नाही, दोघांचं ऐकत राहिली.

म्हातारा लेकीला म्हणाला, “मी असतानाच सोड. दोघं मिळून सोडू. आजची पहिली रात्र.”