पातं देवघरात, मशीन लॉनवर

...आणि वर मलाच म्हणतात, "तोंड नव्हतं का तुला?" तोंड होतं हो! आवाज जरा बारीक आहे, एवढंच. पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण?

तुम्हाला सांगते, चिकलठाण्याला घराला लागूनच आमचं लग्नाचं लॉन आहे. तिथलं गवत कापायला पप्पांनी बसून चालवायचं मशीन आणलंय. बुटका ट्रॅक्टरच म्हणा ना! पप्पा बसले की गुडघे कानाशी, पण ऐट अशी की जणू सगळा फुलंब्री तालुका नांगरायला निघालेत! दसऱ्याला संध्याकाळी तिथं अप्पारावांच्या मुलीचा साखरपुडा. आदल्या दिवशी ते लॉन बघायला आले, तर त्यांची चप्पलच गवतात दिसेना!

"मालक, पाहुणे जेवायला बोलावलेत, चरायला नाय! सांजच्याला येतो. गवत असंच दिसलं तर समोरचं लॉन हायेच."

समोरचं लॉन! पप्पांना घामच फुटला. लगेच फोन, लगेच मेकॅनिक गयासचाचा हजर, लगेच सर्व्हिसिंग. काळं ऑइल काढलं, नवं ओतलं, एअर फिल्टर झटकला... त्यातून एवढी धूळ की चाचा शिंकतच बसले! प्लग घासला, बेल्ट ताणला, चाकांत हवा भरली. "भाईसाब, दुल्हन बना दी, दुल्हन!" माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून वाचायला मी. शेवटी लिहिलेलं, पातं घट्ट बसलंय का पाहा. मी म्हणाले, "पप्पा, पातं..."

"परवाच धार लावून आणलंय गं!"

आणलं होतंच की! पण होतं कुठं? देवघरात! त्या दिवशी खंडेनवमी ना. आमच्या आजीनं, भामाबाईंनी, सकाळीच विळी, कोयता, माझा कंपास आणि मधोमध ते पातं मांडून हळदकुंकू वाहिलेलं. आणि पूजा केली कुणी? पप्पांनीच! एका हातात घंटी, दुसऱ्या हातात फोन, डोळे मिटलेले! वर नियमही त्यांचाच, "हत्यारांची पूजा आज, त्यांना हात लावायचा नाही. मशीन म्हणजे वाहन, त्याची पूजा उद्या. आज चालवलं तरी चालतंय!" म्हणजे एकाच मशीनचं पोट देवघरात आणि पाठ लॉनवर! मी परत म्हणाले, "पप्पा, ते पातं..." पण माझं ऐकतंय कोण?

निघाली स्वारी! घर्रर्र... पुढं पप्पा, मागं चाचा, "क्या बात, क्या बात!" चाकाखाली गवत असं आडवं झोपलं की सुंदर पट्टे दिसायला लागले. कापलेलं गवत जमा होणारी मागची पिशवी मात्र रिकामी! तेवढं दिसलं कुणाला? मला!

संध्याकाळी अप्पाराव आले, सोबत होणाऱ्या विहीणबाई. आणि गवत? झोप झाली असेल त्याची, सगळं उठून उभं! अप्पारावांनी समोरच्या लॉनकडं मान वळवली... आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली, "पातं देवघरात आहे!"

गयासचाचांनी वाकून मशीनखाली पाहिलं आणि तिथूनच म्हणाले, "या अल्ला!" पप्पा घराकडं धावणार, तेवढ्यात आजी दारात आडवी, "आज उचलायचं नाय म्हणजे नाय!" झालं! मला वाटलं, गेला साखरपुडा. पण विहीणबाईंनी चक्क हात जोडले, "बरोबर हाय आजी. पूजेतलं हत्यार उचलून माझ्या लेकाचं शुभकार्य नको. सकाळी कापा, आम्ही इथंच येतो."

सकाळी पातं बसलं, गवत कापलं, साखरपुडा झकास झाला. पप्पा सगळ्यांना सांगत होते, "मला शंका होतीच!" आणि मला काय मिळालं? "तुझं लक्ष असतं बाई, आता मशीन तुझ्याकडं!" आता दर रविवारी त्या बुटक्यावर मी. वर बसून मी चांगली बेंबीच्या देठापासून ओरडते, "पप्पा, माझी दहावी आहे!"

पण त्या घर्रर्रमध्ये... माझं ऐकतंय कोण?