बॅक लेनवरचा अक्रोड

‘तिच्यावर ढकलू. ती कुठं बोलते.’

— हेच शब्द, मिस्टर बेक्विथ, मी एकही इकडचा तिकडे केलेला नाही. साखर घेता? नाही, बरं. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय हलतो. तो दुरुस्त करायचा ठराव झालेला आहे — ठराव झाला म्हणजे आता तो कधीच दुरुस्त होणार नाही, तुम्ही आपले या लाकडी खोक्यावर बसा. तर मागच्या मीटिंगला मी इथंच होते, या सिंकपाशी, आणि भिंतीतली ही सरकती खिडकी अशीच बंद होती, आत्ता आहे तशी. पलीकडे हॉलमध्ये मीटिंग संपून माणसं कोट चढवत होती. त्यांना वाटलं मी केव्हाच घरी गेले. मी कप पुसत होते. कप पुसताना आवाज होत नाही, हे इथं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही — मी लग्न होऊन या गावात आले त्या दिवसापासून कप मीच पुसते. कुणी म्हटलं ते? ते राहू द्या. कुणी म्हटलं ते महत्त्वाचं नाही, काय ढकलायचं ते ऐका. बॅक लेनवरचा तो मोठा अक्रोड, ज्याच्यासाठी तुम्ही जिल्ह्याहून आलात, तो मी मारला — असं आज तुम्हाला आत बोलावून सांगायचं ठरलंय. मी. टॅम्सिन पेल, गावच्या कौन्सिलच्या अध्यक्षांची सून. आणि तोवर तुम्हाला बसवायचं कुठं, तर माझ्यापाशी, कारण अख्ख्या गावात न बोलणारी मी एकटीच. बाकी कुणापाशीही बसवलं असतं तर काहीतरी निसटलं असतं, हे त्यांचं गणित. बिस्कीट घ्या. मऊ पडलीत, पण घ्या.

सांगतील काय, तेही सांगून ठेवते, म्हणजे आत गेल्यावर तुम्हाला नवल वाटायला नको. सांगतील की सून नवीन, लेस्टरची, शहरातली, तिकडे झाडं असतात ती कुंडीत. ती घराची दारं खरवडत होती, जुना रंग काढायला तिनं कसलंसं औषध आणलं होतं, आणि त्या बादल्या नेऊन झाडाच्या बुंध्यात ओतल्या — अजाणतेपणी. ‘अजाणतेपणी’ हा शब्द माझ्या सासऱ्यांचा, क्लिफर्ड पेल यांचा. त्यांना असे शब्द सापडतात, इतकी वर्षं ते उगाच अध्यक्ष नाहीत. दारं मी खरवडली, ते खरं. पण सँडपेपरनं, हे बघा नखं, आणि औषधाचा डबा आमच्या घरात कधी आलाच नाही. मग बुंध्यातली भोकं कुठून आली? भोकांचंही उत्तर तयार आहे. ख्रिसमसचे दिवे टांगायला खिळे मारले होते. दिवे, मिस्टर बेक्विथ, वरच्या फांद्यांना होते. जमिनीलगत, शेवाळाखाली, आत विष ओतून वर मेणबत्तीचं मेण भरून दिवे टांगायची पद्धत लेस्टरला तरी नाही, इथं असेल तर मला कुणी दाखवली नाही. पण लोक मानतील. का नाही मानणार? रोज संध्याकाळी मी त्या झाडाखाली उभी असते, सगळ्या गल्लीनं पाहिलंय. फोनला रेंज तिथंच येते हो. आमच्या घरात येत नाही, चर्चपाशी येत नाही, त्या अक्रोडाखाली येते, म्हणून आईशी बोलायला मी तिथं जाते. इतक्या महिन्यांत एकानंही विचारलं नाही की बाई, तू तिथं करतेस काय. आता सगळ्यांना आठवेल.

आणि ‘तिला कोण कोर्टात ओढणार’ — हेही म्हटलं गेलं. नवी नवरी आहे, चेहरा गरीब आहे, एक ताकीद मिळेल आणि मिटेल. मिटेल का? तुम्हीच सांगा. नाही ना, तेच. तो बुंध्यावरचा लहानसा बिल्ला संरक्षित झाडाचा, आणि असं झाड मारणं हा गुन्हा, आणि मी शेजारच्या गावात लहान मुलांच्या शाळेत आहे, मला दर वर्षी सही करून द्यावी लागते की माझ्यावर कसलाही गुन्हा नाही. पाच-सहा वर्षांची पोरं. त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधणं हे माझं काम आणि मला ते आवडतं. ते जाणार. हे मी घरी बोलले. तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, तसंही तुला आता घराकडे बघायचंच आहे.’ घराकडे. जे अजून बांधलेलंच नाही त्या घराकडे.

हो, तेच घर. सासऱ्यांच्या बागेच्या टोकाला, आमच्यासाठी. ‘सगळं तुमच्यासाठीच चाललंय’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की एखाद्या दिवशी मलाच वाटेल मी मागितलं होतं. मी मागितलं नव्हतं. पण घर म्हटलं की गाडीची वाट हवी, वाट बॅक लेनवर निघणार, आणि बरोब्बर तिथं अक्रोड. तुमच्या ऑफिसनं फेब्रुवारीत नकार कळवला, झाड आहे म्हणून. गावच्या कौन्सिलनं मात्र मनापासून पाठिंबा दिला होता. अहो, देणारच. स्वतःच्या घराचा विषय निघाला की अध्यक्षांनी उठून बाहेर जायचं असतं, तसे ते गेले, नियमाचे अगदी पक्के. बाहेर म्हणजे इथं आले, माझ्याशेजारी उभे राहिले, ही खिडकी वीतभर वर केली आणि विरोधात कुणी तोंड उघडलं की खोकले. दोनदाच खोकावं लागलं. मी त्यांना पाणी दिलं. हीच माणसं, बर्फावर टाकायच्या मिठाची पेटी पिवळी शोभते की हिरवी यावर तीन मीटिंगा घालवतात. मिस गॉन्टच्या कुंपणाची झुडपं बोटभर रस्त्यावर आली तर सासरे छत्रीनं मोजतात आणि सकाळी पत्र. कचऱ्याचा डबा दुपारनंतर दारात दिसला, पत्र. पुलाजवळचा दिवा गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे, त्याचं पत्र नाही — तुमचं खातं वेगळं, माहीत आहे मला, इथं कशाचंच खातं कुणाचं नसतं, फक्त झुडपाचं असतं. आणि तुम्ही तरी. मिस गॉन्टनी मे महिन्यात फोन केला, सगळं गाव हिरवं झालंय आणि अक्रोडाच्या एका अंगाला पान नाही म्हणून. तुम्ही उगवलात जुलैत. आता तो वाचतो का? नाही. तुमच्या चेहऱ्यावरून कळलंच. मी उगाच विचारलं.

माझा नवरा यात नाही, हे आधीच लिहून घ्या. ह्यू कौन्सिलवर आहे, पण तो नावापुरता, ती जागा रिकामी होती आणि कुणी उभं राहिना म्हणून बापानं ओढून बसवलं. हात वर करतो, हात खाली करतो. तो चांगला आहे. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा बस चुकली म्हणून माझ्याबरोबर पुढची बस येईपर्यंत उभा राहिला, त्याला कुठं जायचंच नव्हतं. असा आहे. भोकं पडली असतील त्या मार्चमधल्या रविवारी तर तो झाडाकडे नव्हताच, म्हणजे तिकडेच होता, त्याच्या आईकडे, पण शेल्फ बसवायला. ड्रिल घेऊन गेला होता. ड्रिलचं लांब बिट नवीन आणलं होतं, भिंत जाड आहे म्हणाला. शेल्फ? नाही, अजून बसलेलं नाही. जमिनीवरच आहे, त्यावर मांजर झोपते. ते असू द्या. सांगायचं ते इतकंच की तुम्ही भोकांमधून जो भुसा काढून पिशवीत भरलात तो तपासा, साध्या लाकडाचा भुसा पांढरट असतो, अक्रोडाचा काळपट निघतो, ओला, आणि त्याला एक वास असतो, बुटाच्या पॉलिशसारखा काहीसा, आणि लोकरीवर बसला की दोन पाण्यांतही जात नाही, बाहीच्या कडेला राहतोच —

काय?

नाही. कुणाची बाही ते मी म्हटलेलं नाही.

पेन खाली ठेवा हो जरा. चहा गार होतोय तुमचा.

बरं. त्याचा स्वेटर मी धुतला. मार्चात. तेव्हा मला काही कळलं नव्हतं, डाग म्हटलं, चहाचा असेल. मेमध्ये पानं आली नाहीत तेव्हा कळलं, आणि तरी मी गप्प राहिले, कारण म्हटलं तो सांगेल. असं वाटतं ना. माणूस आपला असला की वाटतं, तो सांगेल, आपण वेळ देऊ. सासरे असं बोलतच नाहीत, तुम्ही ऐकलंय त्यांना, ते ‘कौन्सिलचं मत असं आहे’ असं बोलतात. ‘ती कुठं बोलते’ हे त्यांचं बोलणं नव्हे. तो आवाज मी ओळखणार नाही होय? रोज उशीवर असतो. आणि गंमत म्हणजे रागानं नव्हतं म्हटलं त्यानं. कौतुकानं म्हटलं. ‘माझी गाडी कधी बंद पडत नाही’ म्हणावं, तसं. नंतर घरी आला, सॉसेज खाल्ले, मी वाट बघत बसले. तो झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला माझ्या टोस्टला स्वतः लोणी लावून दिलं — लग्न झाल्यापासून पहिल्यांदा — आणि म्हणाला, ‘टॅम, तू जरा समजून घे, बाबांचं नाव आहे गावात.’ मी म्हटलं, ‘आणि माझं?’ तर हसला. ‘तुझं नाव अजून कुणाला पाठ तरी आहे का,’ म्हणाला. टोस्ट मी खाल्ला.

तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. मी काही बिचारी नाही. तुम्ही मला विचारलंत का, नाही विचारलं, तुम्हीसुद्धा आल्यावर माझ्याकडे ओला कोट दिलात आणि म्हणालात, ‘कुठंतरी टांगाल का?’ नाव नाही विचारलं. तो तिथं आहे, बॉयलरवर, वाळला असेल. मघापासून मी बोलतेय ते तुम्ही लिहिताय, ते छान आहे, पण तुम्ही लिहून घेऊन जाल, ते म्हणतील ती असं बोललीच नाही, मुलगी जरा हळवी आहे, घराची आठवण येते तिला — आणि मग तुमचं पत्र येईल, आणि पत्रांचं या गावात काय होतं ते मी बघितलंय.

ऐकलंत? खुर्ची सरकली. तुमचंच नाव घेतायत. नाही, तुम्ही बसा. दाराकडून जायचं नाही, दारातून आत गेलं की आधी हवापाण्याचं बोलतात, मग खुर्ची देतात, मग काही उरत नाही. ही खिडकी वर जाते, जरा अडकते, खालून दाबून — हं. गेली.

थांबा, क्लिफर्ड, मिस्टर बेक्विथ येतायत, चहा पितायत. त्याआधी मला बोलायचंय. नाही, चहाबद्दल नाही. अक्रोडाला भोकं ह्यूनं पाडली. मी नाही. तुम्हाला माहीत आहे, आता यांनाही माहीत आहे. — ह्यू, बस खाली. गाडी मी घेऊन चाललेय, लेस्टरला. तू आईकडे चालत जा.